साठ किलोमीटर, साठ मिनिटे

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या मार्गावर आंजी (मोठी) हे गाव आहे. तेथील एक संत्रा-बागायतदार २०२२ च्या हिवाळ्यात आपल्या छोट्या मालमोटारीतून संत्री घेऊन आदिलाबादेस गेले होते. पैनगंगा ओलांडली की तेलंगणाची हद्द लागते. त्या हद्दीत त्यांची गाडी ताशी ९१ किलोमीटर वेगाने धावत असल्याचे यंत्राने टिपले होते. मालवाहू गाड्यांना तेथे ८० ची मर्यादा होती. काही दिवसांनी दंडाची नोटीस घरी आली.

गावकऱ्यांचा सल्ला एकच होता : “काका, भरून मोकळे व्हा. हजार रुपयांसाठी परमुलखात खेटे कोण घालील?” सल्ला व्यवहाराचा होता. येण्याजाण्याचे डिझेल आणि बुडालेला दिवस यांचा खर्च दंडाहून अधिकच झाला असता. परंतु साठी उलटलेल्या या गृहस्थांना आपल्या सावकाश गाडी हाकण्याचा मोठा अभिमान होता. न केलेल्या अपराधाचा दंड भरणे म्हणजे तो अपराध कबूल करणे होय, असे त्यांना वाटे; आणि त्यात खोटे काहीच नव्हते.

ते वर्ध्यास एका वकिलांकडे गेले. वकिलांनी १९८८ चा मोटार वाहन कायदा उघडला. केवळ एका साक्षीदाराला वाटले म्हणून कोणीही अतिवेगाचा दोषी ठरत नाही. त्या मताला यंत्राच्या मोजमापाचा आधार लागतो, असे त्यात म्हटले आहे. येथे तर यंत्रच साक्षीला उभे होते! मग यंत्राला खोटे पाडावयाचे कसे?

घरी आल्यावर त्यांना पथकर नाक्यांची आठवण झाली. दोन नाक्यांवरील वेळा फास्टॅगमुळे भ्रमणध्वनीवर नोंदलेल्या होत्या. अंतर ६० किलोमीटर, लागलेला वेळ ६० मिनिटे. म्हणजे वेग ताशी ६० च! त्यांनी आनंदाने तो हिशेब सातवीतल्या नातीपुढे ठेवला.

नात कागदाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “आबाजी, वाटेत तुम्हांला जुने मित्र भेटले होते ना? चहाला वीस मिनिटे बसलो, असे तुम्हीच सांगितले होते.”

आजोबांनी पेन्सिल घेतली. साठातून वीस गेले, उरले चाळीस. ४० मिनिटांत ६० किलोमीटर म्हणजे ताशी ९०! गप्पांत गेलेला वेळ भरून काढण्यासाठी आपण गाडी दामटली होती, हे त्यांना आता आठवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

तरीही एक गोष्ट उरली होती. यंत्राने टिपलेल्या अपराधाची नोटीस १५ दिवसांत पाठवावी, असा नियम २०२१ मध्ये झाला होता. त्यांना ती निघाली होती २३ व्या दिवशी. वकील म्हणाले, “तेवढीच हरकत घ्या. वेगाचे नावही काढू नका.”

ही हरकत क्षुल्लक नव्हे. दिवस लोटले की माणूस विसरतो. वीस मिनिटांचा चहादेखील विसरतो, हे आपण पाहिलेच. म्हणूनच शासनालाही मर्यादा घातलेली असते. गाडीला ८० ची, तशी कचेरीला १५ दिवसांची. तथापि खरे काय ते कळल्यावर केवळ उशिराच्या आडोशाला उभे राहणे त्या गृहस्थांना रुचेना. आणि कचेरीची चूक मुकाट्याने सोडून देणेही रुचेना.

अखेर त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला. नोटीस उशिरा निघाल्याची हरकत त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली. खाली दोन्ही नाक्यांच्या नोंदी दिल्या आणि त्यांच्यापुढे लिहिले : ‘यांतील वीस मिनिटे चहासाठी थांबलो होतो.’ नातीने अर्जाची स्वच्छ प्रत करून दिली.

तारखेच्या दिवशी ते पहाटेच आंजीहून निघाले. न्यायालय अकराला उघडणार होते. पण वाटेत चहाला थांबावयाचे होते.