मुख्याध्यापकांची खुर्ची

शिक्षक शाळा सोडून गेला की आपण प्रथम त्याच्या पगाराचा हिशेब मांडतो. तो हिशेब खोटा नसतो, अपुरा असतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. वामन शिवराम आपटे व आगरकर पुढे येऊन मिळाले. सरकारी नोकरीचा मोह टाळून आलेली ही माणसे. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. आणि १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले! पगार थोडा म्हणून नव्हे. आजीव सदस्यांचे वेतन समान असावे, त्यांनी बाहेरची मिळकत करू नये, या तत्त्वावरचा वाद मिटेना म्हणून. आगरकर राहिले, १८९२ साली प्राचार्य झाले. संस्था चालली, पण एक थोर गणितशिक्षक तिने गमावला.

तेथे कारभारी स्वतः शिक्षकच होते. आमच्या मध्य प्रदेशात कारभार दूर भोपाळला. नियमित शिक्षकांच्या जागी शिक्षाकर्मी आले, मग संविदा शिक्षक, अतिथी शिक्षक; २०१८ साली अध्यापक शिक्षण विभागाच्या नव्या संवर्गात आले. वेतन वा नेमणूक सरकारी मुख्याध्यापकांच्या हाती नाही. मग उरते काय? वेळापत्रक आणि शब्द. निवडणूक, जनगणना ही कामे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शिक्षकांना सुटलेली नाहीत. परंतु गेलेल्या माणसाचे तास कोणावर पडावेत, हे त्याच खुर्चीत ठरते.

आमच्या नात्यातील एक बाई येथल्या एका खाजगी शाळेत शिकवीत. पालकाची तक्रार येताच, त्यांना काही न विचारता, वर्गासमोर त्यांची कानउघाडणी झाली. सत्र संपताच त्या गेल्या. नव्या शाळेत पगार कमीच होता.

बऱ्हाणपुरात मराठी शिकवणारा माणूस गेला की त्याच्याबरोबर तासही जाण्याचे भय असते. पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठी राहून आपण जी भाषा घरात जपली, ती शाळेतून अशी निसटावी काय? आपल्यापैकी जे शाळांच्या समित्यांवर बसतात, त्यांनी राजीनामा मंजूर करण्यापूर्वी त्या शिक्षकाला घरी बोलावून चहा द्यावा आणि एवढेच विचारावे : आपण का जाता?