दगडावरचे नाव

इराण देशाचे प्राचीन वैभव ज्याला पाहावयाचे असेल, त्याने तेहरानच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात जावे. १९३७ साली उघडलेल्या त्या इमारतीचे प्रवेशद्वार जुन्या सासानी राजवाड्याच्या उंच कमानीसारखे बांधलेले आहे. आत गेल्यावर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेला सम्राट आपल्या सिंहासनावर बसलेला दिसतो. परंतु वऱ्हाडातील मुलांना तेहरान फार दूर! त्यांच्यासाठी इराणची ओळख सांगणारे एक संग्रहालय घराजवळच आहे. त्याला भिंती आहेत, पण छप्पर नाही. तेथील वस्तू काचेच्या कपाटात नसून उन्हापावसात उभ्या आहेत. हे संग्रहालय म्हणजे चिखलदऱ्याचा गाविलगड किल्ला.

हिवाळ्यातील एका सकाळी एका शाळेची मुले आपल्या गुरुजींबरोबर गाविलगड पाहण्यास निघाली. परतवाडा मागे पडला आणि घाटाची वळणे सुरू झाली. सागाची झाडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले, असे लोक सांगतात, ती दरी मुलांनी वाकून पाहिली. कीचकाच्या दरीवरून चिखलदरा हे नाव पडले, अशी या भागातील समजूत आहे. तेथून पुढे चालत चालत सारी मंडळी किल्ल्याच्या दरवाज्यापाशी आली.

"या डोंगरावर पूर्वी गवळी राहत," गुरुजी सांगू लागले. "त्यांच्या गढीवरून गाविलगड हे नाव आले असे मानतात. पुढे १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा याने अचलपुरास मुक्काम केला आणि येथे हा बळकट किल्ला उभारला. बहमनी राजे आपले कूळ इराणच्या बहमन नावाच्या प्राचीन वीराशी जोडत. ते खरे की खोटे, याविषयी इतिहासकारांना शंका आहे. पण इराणचे नाव सांगण्यात त्या काळी मोठा मान वाटे, एवढे मात्र त्यावरून खास कळते. दरबाराची भाषाही फारशीच होती. म्हणून वऱ्हाडच्या दगडावर फारशी अक्षरे आली."

एका दरवाज्यावर कोरलेला विचित्र पक्षी पाहून मुले थबकली. त्याला दोन तोंडे होती आणि त्याच्यापुढे हत्ती अगदी लहान दिसत होते.

"हा गंडभेरुंड," गुरुजी म्हणाले. "विजयनगरच्या राजांच्या नाण्यांवरही हा आढळतो. तो इतक्या दूर वऱ्हाडात कसा आला असेल? फतहुल्ला इमादुल्मुल्क हा येथील सुभेदार पुढे वऱ्हाडचा स्वतंत्र राजा झाला. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातील एका ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी लढाईत पकडला गेला, असे फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहिले आहे. माणूस घरापासून तुटला, तरी लहानपणी पाहिलेले चित्र त्याच्या मनातून जात नाही. म्हणून त्यानेच हा पक्षी येथे आणला असावा, असा काही विद्वानांचा तर्क आहे."

दरवाजे ओलांडून, तळी आणि पडक्या इमारती पाहत मुले शेवटी एका भक्कम बुरुजापाशी पोहोचली. हाच तो बहराम बुरूज. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड जिंकले. त्यानंतर गडावर आलेल्या बहरामखान नावाच्या अधिकाऱ्याचे नाव या बुरुजाला मिळाले. बुरुजावर फारशी लेख आहे. त्याची अक्षरे वेलीसारखी एकमेकींत गुंतलेली आहेत. मुलांपैकी कोणालाच ती वाचता येईनात. गुरुजींनी मात्र विद्वानांनी पूर्वी केलेले वाचन आपल्या वहीत उतरून आणले होते.

"या लेखात ९८५ हे साल आहे," ते म्हणाले.

"म्हणजे हा बुरूज हजार वर्षांचा आहे?" एका मुलाने आश्चर्याने विचारले.

"नाही, बाळ. हे हिजरी साल आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. शंभर हिजरी वर्षे म्हणजे आपली सुमारे सत्त्याण्णव वर्षे. तेव्हा ९८५ ला ९७ ने गुणा, १०० ने भागा आणि येणाऱ्या संख्येत ६२२ मिळवा. कारण हिजरी गणना इसवी सन ६२२ पासून सुरू होते."

मुलांनी जमिनीवर बसून गणित मांडले. थोड्या वेळाने दोघी-तिघी एकदम ओरडल्या, "१५७७!"

"शाबास! आता आणखी एक गंमत पाहा. फारशी लेखक अक्षरांनाही अंक देत. अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, जीम म्हणजे ३, असे ते अंक वाढत जातात. एखाद्या वाक्यातील अक्षरांची बेरीज केली की साल निघे. 'बहराम' या नावात ब चे २, ह चे ५, र चे २००, आ चा १ आणि म चे ४०, एकूण २४८. आणि हे बहराम नाव तर फारच जुने आहे. प्राचीन इराणात विजयाच्या देवतेला वेरेथ्रघ्न म्हणत. त्याचेच रूप बदलत बदलत बहराम झाले. इराणच्या कित्येक सासानी राजांनी हे नाव धारण केले. उदवाड्याला पारशी लोकांचा जो पूज्य अग्नी आहे, तो आतश बेहराम. त्यातील बेहरामही हाच. आणि आपल्या वेदांत इंद्राला काय म्हटले आहे? वृत्रहन्! वेरेथ्रघ्न आणि वृत्रहन् हे दोन शब्द सख्ख्या भावंडांसारखे आहेत."

मुले लेखाकडे नव्या नजरेने पाहू लागली. जे नाव परके वाटत होते, ते एकाएकी दूरच्या नातेवाइकासारखे वाटू लागले.

इतक्यात एका बाजूने दगडावर दगड घासल्याचा आवाज आला. एक मुलगा हातात टोकदार खडा घेऊन बुरुजाच्या एका दगडावर काही कोरीत होता. एक उभी रेघ उमटलीही होती. गुरुजींनी त्याचा हात धरला.

मुलगा गोंधळला, पण लगेच धीर करून म्हणाला, "गुरुजी, बहरामखानाने आपले नाव दगडावर लिहिले, ते पाहण्यासाठी आपण एवढे चालत आलो. मग मी माझे नाव लिहिले, तर त्यात वाईट ते काय? चारशे वर्षांनी तेही कोणी वाचील."

बाकीची मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले, "आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. या, सावलीत बसा."

सारी मुले बसल्यावर गुरुजींनी एक गोष्ट सांगितली. इराणात बेहिस्तून नावाचा एक उभा कडा आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सम्राट दारियस याने त्या कड्यावर खूप उंचावर आपला पराक्रम तीन भाषांत कोरवून घेतला. त्याच लेखात त्याने पुढे येणाऱ्या माणसांना विनविले की, हा लेख आणि ही चित्रे जो पाहील, त्याने त्यांचा नाश करू नये. शक्ती असेल तोवर त्यांचे रक्षण करावे. पुढे ती लिपी लोक विसरून गेले. अक्षरे राहिली, पण ती मुकी झाली.

१८२७ साली हेन्री रॉलिन्सन नावाचा सतरा वर्षांचा इंग्रज तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आला. येथे तो फारशी शिकला. पुढे कंपनीने त्याला इराणला पाठविले. तेथे त्याने बेहिस्तूनचा कडा चढून लेखाचा बराच भाग उतरून घेतला. पण एक भाग इतका अवघड जागी होता की, तेथे जाण्यास कोणी धजेना. अखेर १८४७ साली एक कुर्द मुलगा पुढे झाला. कड्याच्या फटीत त्याने लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यांना दोर बांधला आणि हातापायांच्या बोटांनी जवळजवळ गुळगुळीत खडक धरीत तो पलीकडे गेला. मग दोरांवर लोंबकळत त्याने अक्षरांवर ओला कागद दाबून त्यांचे ठसे घेतले. त्या ठशांमुळे विद्वानांना प्राचीन बाबिलोनी लिपी वाचण्यास मोठे साहाय्य झाले आणि हजारो वर्षांचा मुका इतिहास बोलू लागला.

"त्या मुलाचे नाव काय होते?" खडा हातात असलेल्या मुलाने हळूच विचारले.

"ते कोणी लिहून ठेवले नाही. दोर बांधून तो त्या कड्यावर लोंबकळत होता. शेजारी राजाचे नाव होते. आपले नाव कोरणे त्याला कठीण नव्हते. पण त्याने कड्यावरून अक्षरे आणली, कड्यावर भर घातली नाही. आता तुझा प्रश्न. बहरामखानाच्या काळात येथे आधी बुरूज उभा राहिला, मग त्यावर नाव आले. काम कोणाचे, कोणत्या साली झाले, हे ते नाव सांगते. तुझी रेघ काय सांगेल? शिवाय अशा रेघा वाढत गेल्या आणि सालाचा एक शब्द जरी पुसला गेला, तरी या बुरुजाचे वय कायमचे हरवेल. १८०३ च्या १५ डिसेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांपुढे हा गड पडला. १८५८ साली याची तटबंदी मोडण्यात आली. इतके होऊनही हा लेख टिकला. तो आपल्या हातून जावा काय?"

कोणी काही बोलले नाही. मग एक मुलगी उठून उभी राहिली. तिचे वडील गवंडी होते. तिने विचारले, "गुरुजी, बहरामखानाचे नाव आहे. पण ज्यांनी हे दगड फोडले, डोंगरावर चढविले आणि बसविले, त्यांची नावे कोठे आहेत?"

गुरुजी क्षणभर थांबले. "कोठेच नाहीत," ते म्हणाले. "ती असायला हवी होती. जा, तो सांधा पाहून ये."

मुलगी बुरुजापाशी गेली. दोन दगडांमधील सांध्यावरून तिने सावकाश बोट फिरविले. चारशेहून अधिक पावसाळे त्या सांध्यावरून गेले होते. तरी दगड जागचा हलला नव्हता. "चांगला बसविला आहे," ती एवढेच म्हणाली. आणि हे बोलताना तिच्या तोंडावर आपल्या वडिलांच्या कामाचा अभिमान दिसला.

तो मुलगा मात्र आपल्या रेघेपाशी जाऊन उभा राहिला. खिशातील रुमाल ओला करून तो ती पुसू लागला. गुरुजींनी त्याला थांबविले. "घासू नकोस. दगड आणखी झिजेल. रेघ आता राहणार." हे ऐकून मुलाचे डोळे भरून आले. रागावलेल्या शब्दांनी त्याला जेवढे लागले नसते, तेवढे या दोन शब्दांनी लागले.

परत निघताना मुले एकमेकांना ओळखीचे फारशी शब्द सांगत होती. दरवाजा, कागद, शाई, शिपाई, बाजार, जमीन; इतकेच काय, पेशवासुद्धा! जे शब्द रोज तोंडी होते, तेही एवढ्या दूरचे प्रवासी निघाले, याचे त्यांना नवल वाटत होते.

तो मुलगा मागे राहिला होता. दरवाज्यातील एका पायरीवर बसून त्याने वही काढली. बुरुजाचे चित्र त्याने जमेल तसे रेखाटले. त्याखाली ९८५ आणि १५७७ ही दोन्ही साले लिहिली. ज्या दगडावर त्याने रेघ ओढली होती, त्या दगडाची जागा चित्रात दाखवून त्याने लिहिले, 'ही रेघ जुनी नाही. ती माझ्या हातून चुकून उमटली आहे.' आणि त्या ओळीच्या खाली त्याने स्वच्छ अक्षरांत आपले नाव लिहिले.