होडीच्या मशीनचं हँडल : किती लांब, किती जाड?



शेतीच्या पानावर होडीचं काय काम, असं लांबच्या वाचकांना वाटेल. पण उजनीच्या फुगवट्याला होडी हे शेतीचंच अवजार आहे. १९८० पासून भीमेचं पाणी इथं दोन्ही काठांवर पसरलं. कुणाचं घर या काठाला तर रान त्या काठाला. रस्त्यानं फिरून जायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो, होडीनं पंधरा-वीस मिनिटांत माणूस रानात. खताच्या गोण्या, कांद्याची रोपं, लावणीच्या बाया, सगळं होडीतूनच जातं. उन्हाळ्यात तर होडीवाचून चालतच नाही. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या आसपास मृतसाठा. पाणी मायनसमध्ये गेलं की काठ रोज मागं सरतो आणि आपल्या मोटारी, केबल, पाइप त्याच्या मागं-मागं न्यावे लागतात.

माझी होडी फायबरची आहे. १४ फूट लांब, साडेचार फूट रुंद. मागच्या फळीला ५ एचपीचं पेट्रोल मशीन लावलेलं. (आपल्याकडं मोटार म्हणजे पाण्याचा पंप, म्हणून होडीच्या इंजिनाला मी मशीन म्हणतो.) आजचं टिपण त्या मशीनच्या हँडलबद्दल आहे. बऱ्याच जणांनी होडी बघून विचारलं की हँडल वाढवून का घेतलं आणि कसं घेतलं. एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी हे हँडल काय करतं ते बघू. या मशीनला वेगळं सुकाणू नसतं. हँडल वळवलं की अख्खं मशीन पंख्यासकट वळतं. हँडल उजवीकडं ढकललं की होडी डावीकडं जाते. त्याच हँडलच्या मुठीला पीळ दिला की मोटरसायकलसारखी रेस कमी-जास्त होते. म्हणजे एकाच हातात दोन कामं. इंग्रजीत या हँडलला टिलर म्हणतात. गंमत बघा, आपल्या कृषी अधिकाऱ्यांना टिलर म्हटलं की गव्हाचा-उसाचा फुटवा आठवतो, आपल्याला पॉवर टिलर आठवतो आणि होडीवाल्याला हे हँडल. नाव एक, वस्तू तीन.

मला मात्र हे हँडल बघून नांगराचं रुमणं आठवतं. पूर्वी गावचा सुतार रुमणं बसवायच्या आधी नांगर धरणाऱ्याला समोर उभं करायचा. त्याची कंबर कुठं येते, हात कुठं पडतो ते बघायचा आणि मगच रुमण्याची उंची ठरवायचा. कारखान्यात तयार झालेलं हँडल असं कुणाला उभं करून बनत नाही. ते सगळ्यांसाठी एकाच मापाचं येतं. होडी कुणाची, बसणार कुठं, हात केवढा, हे आपणच बघायचं असतं.

आता अडचण काय होती ते सांगतो. मूळ हँडल मशीनच्या वळणाच्या खुंटीपासून मुठीच्या मध्यापर्यंत ४२ सेंमी होतं. एवढं आखूड हँडल धरायला चालवणाऱ्याला अगदी मागच्या फळीजवळ बसावं लागतं. माझं वजन ७२ किलो, मशीन २६ किलो, शिवाय भरलेली पेट्रोलची टाकी दहा-बारा किलो. म्हणजे शेवटच्या तीन फुटांत ११० किलोचा बोजा. होडीत पुढं माल असला तर चालतं. पण माल उतरवून एकटा माणूस परत निघाला की मागचा भाग दबतो आणि पुढचं तोंड वर उचलतं. मग समोरचं काही दिसत नाही आणि आडवं वारं आलं की ते उचललेलं तोंड वाऱ्याबरोबर फिरतं.

वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आपल्याकडं वारं कसं सुटतं ते सांगायला नको. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळात होडी उलटली आणि सहा जण गेले, लहान लेकरांसकट. त्यानंतर फुगवट्याच्या गावांत होडीकडं बघायची नजरच बदलली. चांगलं हँडल असलं म्हणून वादळ थांबत नाही. आभाळ काळवंडलं की होडी काठाला बांधायची, याला दुसरा उपाय नाही. पण साध्या वाऱ्यातसुद्धा होडी हातात राहायची तर तिचा तोल आधी नीट पाहिजे.

दुसरी अडचण माझ्या खांद्याची. दोन वर्षांपासून डावा खांदा आखडलाय. डॉक्टर म्हणाले, हात पाठीमागं पिरगाळून जोर लावायचा नाही. आणि आखूड हँडल धरायचं म्हणजे नेमकं तेच करायचं. मी उजव्या अंगाला बसतो, डावा हात मागं जातो आणि वीस मिनिटं तसाच ताठ राहतो.

हँडलला हात लावायच्या आधी मी मशीन तपासलं. हे प्रत्येकानं करावं. वळणाचा कस कमी-जास्त करायला मशीनला एक स्क्रू असतो. तो फार घट्ट असेल तर हँडल जड लागतं, फार ढिला असेल तर हात सोडताच मशीन एकीकडं पळतं. काही मशीनला पंख्याच्या वर, पाण्यातल्या चपट्या पट्टीखाली एक छोटा फिरता पंख असतो. हँडल एकाच बाजूला ओढत असेल तर तो बघावा. होडी ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला त्या पंखाचं मागचं टोक थोडं सरकवायचं. अर्धा त्रास इथंच जातो.

मग मापं घेतली. कांदा तोलायचा स्प्रिंगकाटा हँडलच्या मुठीला अडकवला आणि धाकट्या पोराला रेसवर बसवून भर पाण्यात ओढून बघितलं. वळवायला ६ किलोचा जोर लागला. हिशेब पहारीचा आहे. लांबी दुप्पट केली तर जोर निम्मा. मग वाटतं, करून टाका चांगलं मीटरभर लांब. पण लांबीला तीन ठिकाणी लगाम बसतो.

पहिला लगाम वळणाचा. मशीन दोन्ही बाजूंना साधारण ४० अंश वळतं. ४२ सेंमीचं हँडल तेवढं वळताना मूठ मधल्या रेषेपासून २७ सेंमी बाजूला जाते. १०० सेंमीचं केलं तर ६४ सेंमी जाते. माझ्या होडीची निम्मी रुंदी ६८ सेंमी. म्हणजे पूर्ण वळण घेताना मूठ एका बाजूला होडीच्या काठाला टेकणार आणि दुसऱ्या बाजूला माझ्या छातीत येणार. ऐन वेळी, समोर कोळ्याचं जाळं किंवा बुडालेलं झाड दिसलं आणि हँडल पोटाला अडलं, तर काय उपयोग?

दुसरा लगाम गिअरचा. पुढं-न्यूट्रल-मागं करायची दांडी मशीनच्या अंगालाच राहते, ती हँडलबरोबर लांब होत नाही. बसल्या जागेवरून, न उठता, हात गिअरला पोचला पाहिजे. चालत्या होडीत उभं राहून मागं वाकणं म्हणजे पाण्यात पडायचा रस्ता.

तिसरा लगाम लाल दोरीचा. मशीन बंद करायच्या बटनाला एक दोरी असते, तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचं असतं. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, मशीन बंद पडतं, पंखा थांबतो. माणूस पुढं सरकून बसला की ही दोरी पुरत नाही, मग लोक ती अडकवायचीच सोडून देतात. तसं होऊ नये म्हणून दोरी हँडलबरोबरच वाढवायची. पण बेतानं. बसलेलं असताना किंचित सैल राहील आणि फूट-दीड फूट कलंडलं की ओढली जाईल एवढीच. जास्त लांब केली तर माणूस पंख्याजवळ पोचला तरी मशीन चालूच राहील.

होडी काठावर कोरड्यात घेतली आणि ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे नुसते मापासाठी मुठीवर चढवून बघितले. ७०, ८५, १००. पीव्हीसी कायमचा ठेवायचा नव्हताच. लांब झाला की तो पिळला जातो, मूठ फिरवली तरी रेस मागून येते. उन्हानं कडकही होतो. मापाला मात्र स्वस्त आणि मस्त. तिन्ही लगाम ८५ सेंमीला जुळले. मूठ ५५ सेंमी बाजूला जाते, गिअरला हात पोचतो आणि बसायची जागा दीड फूट पुढं येते. काट्यावर जोर ३ किलो आला.

मग आली जाडी. हा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लांबी वाढली की वळवणं हलकं होतं, पण रेसचा पीळ तेवढाच राहतो. पीळ हलका व्हायचा तर मूठ जाड पाहिजे. मूळ मुठीला सुतळी गुंडाळून घेर मोजला, तो ११.३ सेंमी, म्हणजे व्यास ३६ मिमी. मी रबर चढवून ती ४५ करायच्या बेतात होतो, म्हणजे पीळ पाचव्या हिश्शानं हलका झाला असता. तेवढ्यात आमच्या मंडळींनी हात घालून बघितला आणि म्हणाल्या, "अहो, ही मूठ तुमच्या हाताची. माझी बोटं अंगठ्याला पोचत नाहीत. तुमचा खांदा धरला आन् होडी मला आणायची वेळ आली तर मी काय धरू?"

बोलणं खरं होतं. होडीत दोघंच असतो. एक आडवा झाला तर दुसऱ्यानं काठाला आणायची. मग मापाला त्यांना बसवलं आणि मूठ ४१ मिमीवर ठेवली, वरून नुसती पातळ कापडी टेप.

पक्कं हँडल ॲल्युमिनियमच्या नळीचं केलं. आतून ३८, बाहेरून ४१ मिमी. अर्धा मीटर नळीचं वजन पाव किलो भरतं, तेवढीच लोखंडी घेतली तर पाऊण किलो. टोकाला वजन नको, कारण हँडल मुळाशी बिजागरीवर घडी होतं आणि लांब दांड्याचा भार त्याच बिजागरीवर येतो. म्हणूनच या हँडलवर रेलायचं नाही आणि उठताना त्याचा आधारही घ्यायचा नाही. नळीच्या एका टोकाला चार उभे काप घेतले, प्रत्येकी ६ सेंमी. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, त्यावर नळी चढवली आणि दोन होज क्लिप आवळल्या. मूळ हँडलला एकही भोक पाडलं नाही, वेल्डिंग तर नाहीच. हँडलच्या आतून रेसची केबल जाते, एक चुकीचं भोक आणि मशीन घरी.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. नळी मुठीवर घसरली तर आपण रेस कमी करतोय असं वाटतं आणि मशीन तसंच पळत राहतं. म्हणून मूठ आणि नळी दोन्हींवरून ऑइलपेंटची एक सरळ रेघ मारली आहे. होडी सोडायच्या आधी रेघ बघायची. रेघ तुटलेली दिसली की क्लिप आवळल्याशिवाय निघायचं नाही. एवढीशी रेघ, पण रोज बघतो.

आणखी एक. पाणी उतरलं की पळसदेवच्या बाजूला जुन्या देवळाचे, भिंतींचे दगड वर येतात. अशा ठिकाणी मशीन उचलावं लागतं. उचलताना हँडल खाली होडीत येतं आणि लांब हँडल फळीवर आपटतं. म्हणून आधी हँडल वर घडी करायचं, मग मशीन उचलायचं.

सगळा खर्च हजाराच्या आत गेला. आता एकटा परत येताना होडीचं तोंड बरंच खाली राहतं, समोरचं दिसतं आणि खांदा दुखत नाही. गेल्या आठवड्यात मोटार पुढं सरकवताना मी पाण्यात पाइप धरून होतो आणि होडी मंडळींनी चालवली, जॅकेट घालून, दोरी मनगटाला. त्यांनी होडी बरोबर पाइपाच्या टोकाशी आणून उभी केली. ४१ ची मूठ ठेवली ते चांगलं झालं.

तुम्ही करणार असाल तर माझी मापं जशीच्या तशी उचलू नका. तुमची होडी किती रुंद, गिअर कुठं, बसायची फळी कुठं, ते बघा. आणि माप घेताना घरातल्या सगळ्यात लहान हाताच्या माणसाला होडीत बसवा. कुणी याहून सोपा जोड केला असेल तर फोटोसकट जरूर कळवा. पुढच्या टिपणात कांद्याच्या रोपवाटिकेबद्दल लिहीन.