साहेबांना नगरला नेलं

आईच्या आजोबांचा बाप्तिस्मा कधी झाला, एवढंच शोधायचं होतं. ते हुबळीच्या बासेल मिशनच्या मंडळीतले. आम्ही कांजूरमार्गला राहतो, घरात त्यांचा एकही कागद नाही. आठवड्याचं काम असेल असं वाटलं होतं. आठ महिने लागले.

आधी मुंबईतल्या एका कार्यालयात तीन खेपा झाल्या. दर वेळी ‘पुढच्या सोमवारी या’. बासेल मिशनचा जुना संग्रह स्वित्झर्लंडमध्ये बासेलला आहे. त्यातले फोटो, नकाशे इंटरनेटवर घरबसल्या बघता येतात. तिथे मी ‘कर्नाटक’ घालून शोधत राहिले. काही धड सापडेना.

शेवटी आमच्या मंडळीचे निवृत्त पाळक म्हणाले, “अहो, तेव्हा कर्नाटक राज्य कुठे होतं? धारवाड, हुबळी मुंबई इलाख्यात. मिशनवाले त्या भागाला दक्षिण मराठा म्हणायचे. तसं शोधा.” त्या नावाने शोधलं आणि हुबळी, धारवाड, बेटगेरी भराभर समोर आली.

मग वाचत गेले. पहिले तीन मिशनरी १८३४ साली मंगळूरला आले. धारवाडचं ठाणं १८३७चं, हुबळीचं १८३९चं. बरेचसे वुर्टेम्बर्गकडचे जर्मन. मंगलोरी कौलांचा पहिला कारखानाही त्यांचाच, १८६५चा. कांजूरगावातल्या आमच्या जुन्या घरावर तशीच कौलं होती.

आईचे आजोबा सांगायचे, साहेबांना नगरला नेलं. आम्ही समजायचो, बदली झाली असेल. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना अहमदनगरच्या छावणीत कैदेत ठेवलं होतं, हे मला पन्नाशीत कळलं. आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही.

मग बाप्तिस्म्याची नोंद बघायला हुबळीच्या मंडळीत गेले, ती रविवारी. उपासनेच्या गडबडीत कुणाला वेळ नव्हता, एक दिवस फुकट गेला. सोमवारी रजिस्टर मिळालं, पण ते कन्नडात. मला एक अक्षर येत नाही. तिथल्या एका शिक्षिकाबाईंनी दुपारभर बसून वाचून दिलं. आडनाव कुठेच नव्हतं, फक्त बाप्तिस्म्याचं नाव आणि बापाचं नाव. आजोबांच्या वडिलांचं नाव आईला पाठ होतं, म्हणून नोंद सापडली.

तुम्हीही शोधणार असाल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ही दोन नावं आधी लिहून घ्या. कन्नड वाचणारं कुणी बरोबर न्या, आणि रविवारी जाऊ नका.