गाडीची शाकारणी

जूनच्या 1 तारखेला मासेमारीबंदी सुरू होते. त्या सुमारास मुंबईत वेसावे आणि मढच्या किनाऱ्यावर नौका वर ओढून घेतात, दोन्ही अंगांनी टेकू देतात आणि ताडपत्र्या बांधून त्या शाकारतात. नौका दोन महिने पाण्यात जाणार नाही हे ठरलेले असते. म्हणून पावसात टिकण्यासाठी तिला जे लागते ते आधीच केलेले असते. त्याच दिवसांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधून कितीतरी आजी-आजोबा मुलांकडे अमेरिकेला निघतात. कुणाच्या सुनेचे बाळंतपण असते, कुणाला नातवंडांची शाळेची सुट्टी गाठायची असते. पाहुणा म्हणून तिथे एका वेळी साधारण सहा महिने राहता येते, त्यामुळे मे महिन्यात गेलेले दिवाळीच्या आसपास परततात. म्हणजे खाली उभी राहिलेली गाडी अख्खा पावसाळा काढते. तिच्यासाठी बहुतेक घरांत केले जाते ते एवढेच: गाडी धुऊन वर कव्हर घालायचे, किल्ली शेजारच्या मुलाकडे किंवा वॉचमनकडे द्यायची आणि ‘आठवड्यातून एकदा दहा मिनिटे सुरू करून ठेव’ असे सांगायचे. गाड्यांची देखभाल हेच ज्यांचे काम आहे त्यांच्या नजरेतून पाहिले तर यातली प्रत्येक गोष्ट चांगल्या हेतूने केलेली आणि तरीही गाडीला अपाय करणारी आहे. उभी राहणारी गाडी पूर्ण झोपवावी. अर्धी जागी ठेवलेली गाडी लवकर खराब होते.

याचे कारण हवेत आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वरच असते. लोखंड गंजण्याचा वेग साधारण 60 टक्क्यांच्या पुढे झपाट्याने वाढतो, आणि पत्र्यावर मिठाचा अंश असेल तर त्याहून कमी ओलही पुरते. आपल्याकडे मीठ दोन्ही बाजूंनी येते. पश्चिमेला समुद्र आणि गोराईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि भांडुप-मुलुंडची मिठागरे. म्हणून गाडी ठेवण्याआधीची धुलाई वरून चकाकी आणण्यासाठी नसते. चाकांच्या कमानींतला आणि खालच्या अंगाचा चिखल गोड्या पाण्याने सुटला पाहिजे. एवढे झाले की लगेच कव्हर घालू नये. धुतलेली गाडी द्रुतगती मार्गावर वीस-पंचवीस किलोमीटर पळवून आणावी, म्हणजे ब्रेक, सांधे आणि सायलेन्सर स्वतःच्या उष्णतेने कोरडे होतात. परतताना शेवटची दहा-पंधरा मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. एसीच्या आतल्या जाळीवर साचलेले पाणी त्याने सुकते. तेच पाणी तसेच राहिले तर सहा महिन्यांनी दार उघडताच बुरशीचा वास येतो. रबरी मॅट काढून घरात ठेवाव्यात, कारण त्यांच्याखालच्या नमद्यात मुरलेली ओल कुणाच्या लक्षात येत नाही.

आता ते दहा मिनिटे सुरू करणे. त्यामागे दोन समजुती आहेत: बॅटरी भरेल आणि इंजिन मोकळे राहील. बॅटरीचा हिशेब कागदावर मांडता येतो. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, लॉक आणि संगणक थोडी वीज घेत असतात. ती 30 मिलिअँपिअर धरली तर दिवसाला 0.72 अँपिअर-तास होते. लहान गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने सुमारे 48 दिवसांत रिकामी होते आणि इंजिन फिरवण्याची ताकद तर त्याच्या पुष्कळ आधी जाते. 25 मार्च 2020 पासूनच्या टाळेबंदीत हा प्रयोग साऱ्या मुंबईवर नकळत झाला. जूनमध्ये टाळेबंदी सैल होऊ लागली आणि ‘मिशन बिगिन अगेन’ म्हणत लोक खाली उतरले तेव्हा कितीतरी गाड्यांतून नुसता टकटक आवाज आला. आठवड्याचा तोटा पाच अँपिअर-तासांचा. तो दहा मिनिटांत भरायचा तर तेवढा वेळ सलग 30 अँपिअर बॅटरीत शिरले पाहिजेत, आणि अंगणात मंद गतीवर चालणाऱ्या लहान गाडीकडून ही अपेक्षा करता येत नाही. दर आठवड्याला थोडी तूट मागे राहते. अर्धवट भरलेल्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात, आणि ते एकदा घट्ट झाले की कितीही चार्ज केले तरी पूर्वीची क्षमता येत नाही. याउलट पूर्ण चार्ज करून, दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्हची तार सोडवून ठेवलेली निरोगी बॅटरी सहा महिने बहुधा काढते. तार सोडली की घड्याळ चुकते, रेडिओची स्टेशने पुसली जातात, काही गाड्यांत काचांची सेटिंग पुन्हा करावी लागते आणि दार किल्लीने उघडावे लागते. ही अडचण खरी आहे, पण ती अर्ध्या तासाची आहे आणि नवी बॅटरी चार-पाच हजारांची.

इंजिन मोकळे राहते या समजुतीतली मेख पाण्याची आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. दहा मिनिटांच्या मंद चालण्यात शंभरेक मिलिलिटर पेट्रोल जळते, पण सायलेन्सर टोकापर्यंत तापत नाही आणि ऑइलही पुरते गरम होत नाही. त्या पाण्यातले काही सायलेन्सरच्या पोटात साचते, काही अर्धवट जळलेल्या इंधनासह ऑइलमध्ये उतरते. सहा महिन्यांत असे सव्वीस वेळा. त्यापेक्षा जाण्याआधी ऑइल बदलून, कारण जुन्या ऑइलमध्ये आधीच आम्ल आणि ओल असते, इंजिन बंद ठेवणे सुरक्षित आहे. वर्षानुवर्षे पडून राहिलेले इंजिन जाम होते हे नाकारता येणार नाही. सहा महिन्यांत मात्र ऑइलचा पातळ थर पुरतो. कुणी विश्वासू माणूस दर पंधरवड्याला गाडी खरोखर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवणार असेल, तर तो उपाय कुठल्याही साठवणीपेक्षा चांगला. पण जुलैच्या धो-धो पावसात दुसऱ्याची गाडी घेऊन कुणी नेमाने निघेल का, याचे उत्तर ज्याने त्याने प्रामाणिकपणे द्यावे.

कव्हरविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. प्लास्टिकचे, पाणी न शिरणारे कव्हर आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. दिवसा गाडी त्याखाली घामेजते आणि रात्री ते थेंब पत्र्यावर बसून राहतात. वाऱ्याने फडफडणारे कव्हर रंगावर घासते ते वेगळेच. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये सुती किंवा हवा खेळू देणारे कव्हर घालावे आणि तिथे पावसाची झड येत नसेल तर काचा बोटभर खाली ठेवाव्यात. उघड्यावर हवा न खेळणारे कव्हर घालण्यापेक्षा मेण लावून गाडी तशीच ठेवणे मला जास्त पटते. कव्हरखालच्या काळोखात उंदीर-घुशी निर्धास्त होतात, हेही लक्षात घ्यावे. पावसात बिळे भरली की त्यांना बॉनेटखाली कोरडी जागा मिळते आणि वायरिंग कुरतडले जाते. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पाने हे गॅरेजांतले जुने उपाय आहेत, पण वास महिनाभरात उडतो. पंधरवड्यातून एकदा बॉनेट उघडून आत उजेड पाडणारा माणूस त्यांच्यापेक्षा उपयोगी. शेजारच्या मुलाला काम द्यायचे तर हे द्यावे.

बाकीची कामे थोडक्यात. हँडब्रेक लावून ठेवू नये, ओलीत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. गाडी सपाटीवर, गिअरमध्ये, चाकांना लाकडी ठोकळे किंवा विटा लावून ठेवावी. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सहा पाउंड हवा जास्त भरावी, टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत. टाकी भरलेली असावी: आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते ओल शोषते, आणि टाकीत रिकामी जागा जितकी कमी तितकी दमट हवाही कमी. विजेवरच्या गाडीचे नियम वेगळे आहेत. मोठी बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नसते, त्यासाठी कंपनीचे पुस्तकच वाचावे. विमा मधेच संपत असेल तर निघण्याआधी त्याची सोय करावी. 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर नो क्लेम बोनस जातो.

या सगळ्याच्या आधीचा निर्णय जागेचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यांवर उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. काँक्रीटचे रस्ते उंचावल्याने जुन्या सोसायट्यांची अनेक आवारे आता रस्त्यापेक्षा खाली आहेत. बेसमेंटमध्ये आणि यांत्रिक पार्किंगच्या खड्ड्यातल्या मजल्यावर पाणी आधी येते. मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईत मोठमोठी झाडे उन्मळली, त्यामुळे गुलमोहराखालची सावली पावसाळ्यात धोक्याची. त्याच वर्षी जूनमध्ये घाटकोपर पश्चिमेला सोसायटीच्या आवारात उभी असलेली एक गाडी, काँक्रीटने झाकलेल्या जुन्या विहिरीवरचा थर खचून, बघता बघता पाण्यात गडप झाली. आपल्या आवारातल्या फरशीखाली काय आहे, हे सोसायटीतल्या जुन्या माणसांना विचारावे. सोसायटीत विनंती करून सहा महिन्यांपुरती पार्किंगच्या वरच्या मजल्यावर जागा असलेल्या कुणाशी जागा बदलून घेता येते.

यावर कुणी म्हणेल, सहा महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, आल्यावर मेकॅनिक बोलावू. बॅटरी आणि टायरपुरते ते खरे आहे, पैसे टाकले की ते बदलता येतात. पत्र्याच्या दुमडीत शिरलेला गंज आणि कुरतडलेले वायरिंग पुन्हा पूर्ववत होणे अवघड, आणि वापर कमी असलेल्या घरांत हीच गाडी पुढची दहा वर्षे चालवायची असते. शिवाय तयारी एका दिवसाची आहे. किल्ली शेजारी द्यावीच, पण सोबत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून: पाणी चाकांच्या वर गेले तर गाडी ढकलून हलवा, सुरू करू नका. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्याने आतले रॉड वाकतात. परतल्यावर घाई नको. आधी बॉनेट उघडून घरटे आहे का पाहावे, एअर फिल्टरची पेटी उघडावी, टायरची हवा मूळ आकड्यावर आणावी, मग तार जोडावी. विटा काढायला विसरू नये. पहिला ब्रेक आवारातच, चालण्याच्या वेगात दाबून पाहावा. डिस्कवरचा तांबूस थर खरखरत निघतो, तो आवाज दोन-चार वळणांत थांबला पाहिजे.