बावीस ख्वाजांचा उंबरठा

दिल्ली म्हटले की लाल किल्ला, कुतुबमिनार आठवतात. भाविक मुसलमानांसाठी मात्र ही 'बाईस ख्वाजा की चौखट', बावीस सूफी संतांचा उंबरठा! मेहरौलीत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींनी १२३५ मध्ये देह ठेवला. त्यांच्याच परंपरेतले हजरत निजामुद्दीन औलिया १३२५ मध्ये गेले. सुलतानांच्या राजधानीत राहूनही ते दरबारापासून दूरच राहिले. त्याच वर्षी निवर्तलेले त्यांचे लाडके शिष्य, कवी अमीर खुसरो, त्यांच्याजवळच विसावले आहेत. गुरुवारी संध्याकाळी येथे कव्वाली रंगते. डोके झाकून जरूर जा.

औलियांचे दुसरे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दक्षिणेत आले. त्यांची कबर वेरूळजवळच्या खुलताबादला आहे. दिल्लीचा उंबरठा असा आपल्या अंगणापर्यंत पोचला!