टक्कल नको, ब्रश घ्या

दाभोळचा मे म्हणजे खाडीकाठचा दमट उकाडा. काकांच्या लॅब्राडॉरची धाप बघून शेजारी म्हणाले, "मशीन फिरवून टक्कलच करा की!" काका जवळजवळ तयार. मी म्हटलं, "काका, थांबा जरा."

मंडळी, लॅब्राडॉरच्या अंगावर दोन थर असतात. वर राठ केस, आत मऊ लोकर. कुत्रा गार होतो तो मुख्यतः धापा टाकून, आपल्यासारखा अंगभर घाम येऊन नाही. वरचे केस भादरले की कातडी उन्हाला उघडी पडते. काढायची ती फक्त आतली, सुटलेली लोकर. रोज दहा मिनिटं, केसांच्या दिशेने ब्रश. तेही पावसाआधी, कारण कोकणात भिजलेली लोकर लवकर वाळत नाही आणि मग खाज सुटते. बाकी सावली, पाणी आणि पहाटेची फेरी.

आपलं टक्कल आपण ठरवतो, त्या बिचाऱ्याला कोण विचारतं?